उजवीकडची सीट

माझ्या नवऱ्याने विमान बांधलं हे कात्रजच्या आमच्या भागात आता सगळ्यांना माहीत आहे. रिक्षावाल्याला 'विमानवाल्यांच्या घरापाशी' एवढं सांगितलं तरी तो बरोबर दारात आणून सोडतो. त्या विमानाचे पंख मी शिवले, हे मात्र फारसं कोणाला माहीत नाही. ज्यांना कधीकाळी सांगितलं त्यांचा समज असा झाला की मी सीटची कव्हरं शिवली. मग मी सांगायचं सोडून दिलं.

सुरुवात झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि एका शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवत होते. नवरा चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात होता, तिथे लेथ मशीन बनायची. तरुणपणी त्यांनी ग्लायडर उडवायला शिकून घेतलं होतं, पुढे हलक्या विमानाचा परवानाही काढला. लग्नानंतर हे खूळ कमी होईल असं त्यांच्या घरच्यांना वाटत होतं. ते काही झालं नाही. एका शनिवारी परदेशातून ड्रॉइंगची एक लांबलचक गुंडाळी आली. त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर माझे डाळींचे डबे ठेवले आणि मला हाक मारली.

"हे बघ," ते म्हणाले, "दोन सीटचं आहे. शेजारी शेजारी. डावीकडे मी, उजवीकडे तू."

"मला विचारलंत का?"

"आता विचारतोय ना."

मी म्हटलं, आधी हे सगळं ठेवणार कुठे ते सांगा. त्यांनी सांगितलं नाही, पण पुढच्या रविवारी हॉलमधला सोफा टेम्पोत चढला आणि नारायण पेठेत दिरांच्या घरी गेला, तेव्हा मला कळलं. आमचं रो हाउस आहे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. त्या दिवसापासून हॉल गेला. दिवाळीला पाहुणे आले की स्वयंपाकघरात सतरंजी टाकून बसायचे. माझ्या जाऊबाई अशा वेळी दारातूनच विचारायच्या, "आधी विमानाला विचारा हो, आम्ही आत आलो तर चालेल का." त्यांच्या बोलण्याचा राग धरायचा नाही हे मी फार पूर्वीच शिकले होते. मी अकोल्याची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा पहिली दोन वर्षं मला कळतच नसे की समोरचा माणूस आपला अपमान करून गेला आहे.

काम फावल्या वेळात चालायचं. फावला वेळ म्हणजे त्यांचा. कारखान्यातून आल्यावर संध्याकाळी थोडं, आणि रविवार अख्खा. माझा फावला वेळ त्यात कधी गेला ते कोणी विचारलं नाही. धरून उभं राहायला कोणीतरी लागतं, गोंद सुकेपर्यंत एखादी पट्टी दाबून धरायला कोणीतरी लागतं, आणि घरात दुसरं माणूस मीच होते. आम्हाला मूलबाळ नाही. हे मी इथे सांगते कारण लोक नंतर विचारतात, आणि मग त्यांना वाटतं की विमानाचं कारण सापडलं. तसं काही नव्हतं. नवऱ्याला विमान बांधायचं होतं म्हणून त्यांनी बांधलं.

विमान लाकडी होतं. पातळ फासळ्या, त्यांना धरणारा लांब कणा, वर प्लायवूड. ड्रॉइंगच्या पहिल्याच पानावर लाल अक्षरांत एक सूचना होती, तिचा अर्थ असा की स्वतःच्या मनाने काहीही वाढवू नका. नवरा ते वाचून हसला. "तिकडची माणसं सगळं मोजूनमापून करतात," ते म्हणाले. "आपण जरा भक्कम करू."

हे 'जरा' पुढे सहा-सात वर्षं चाललं. प्लायवूड आणायला गेले की सांगितल्यापेक्षा एक नंबर जाड. जोडांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट कसबा पेठेतल्या एका कारागिराकडून करून घ्यायचे, त्यालाही सांगायचं की पत्रा जाडच घ्या, असू दे. बोल्ट मोठे. वॉर्निशचा एक हात पुरे असेल तिथे दोन. त्यांचंही चुकलं असं मी त्या काळात म्हटलं नसतं, कारण त्यांच्या कारखान्यात तीच रीत होती. लेथचा पाया जितका जड तितकं मशीन कमी थरथरतं. ज्याचं मशीन जड, तो माणूस कामाचा. आयुष्यभर त्यांची पाठ ज्या गोष्टीसाठी थोपटली गेली, तीच त्यांनी घरी आणली.

त्यांचे कारखान्यातले मित्र रविवारी बघायला यायचे. सगळे इंजिनिअर. मी चहा-पोहे करायची आणि ते सांगाड्याभोवती फिरत त्यावर टिचक्या मारायचे. "काय सॉलिड केलंय," एक म्हणायचा. दुसरा खाली वाकून बघायचा आणि म्हणायचा, "ट्रक गेला अंगावरून तरी काही होणार नाही." नवऱ्याचा चेहरा फुलून यायचा. उडायच्या वस्तूची अशी तारीफ करण्यात काहीतरी गडबड आहे, हे त्या हॉलमध्ये एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग पंखांवर कापड चढवायची वेळ आली. त्याआधी सांगाडा उघडा असताना एक गृहस्थ तपासणीला येऊन गेले, त्यांनी जोड बघितले, मान डोलावली आणि ते गेले. कापड पॉलिस्टरचं, पांढरं, अस्तराच्या कापडासारखं दिसणारं. ते कडांना चिकटवायचं आणि वरून बेताची गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे ते आकसून ढोलकीसारखं ताठ बसतं. माझी इस्त्री त्यात गेली ती गेलीच, नंतर ती साडीवर फिरवायची माझी हिंमत झाली नाही. पण नुसतं चिकटवून भागत नाही. हवेत वरचं कापड वर ओढलं जातं. ते सुटू नये म्हणून प्रत्येक फासळीला दोऱ्याने बांधावं लागतं, मेण लावलेल्या जाड दोऱ्याने, हातभर लांब सुईने. पंख कडेवर उभा करायचा. एकाने अलीकडून सुई आरपार घालायची, दुसऱ्याने पलीकडे ती ओढून घ्यायची आणि फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायची, मग अलीकडच्याने गाठ मारायची. दर तीन-चार बोटांवर एक गाठ, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

गाठ मारायला आधी नवराच बसला होता. त्यांच्या गाठी सरकायच्या. मापात सगळं करणारा माणूस, पण दोरा बोटांत आला की त्यांची बोटं काठीसारखी व्हायची. मी पुस्तकातलं चित्र बघितलं आणि दोन संध्याकाळी खुर्चीच्या पाठीला दोरा बांधून सराव केला. तिसऱ्या दिवशी ते पलीकडे गेले आणि मी अलीकडे बसले.

पहिला पंख आम्ही दोघांनी शिवला. पलीकडे ते दिसायचे नाहीत, खिडकीच्या उजेडात कापडावर नुसती सावली हलायची आणि आवाज यायचा. "घे." "आली." "ओढ." "सोड." आमच्या संसारात इतकं नीट, एकमेकांचं ऐकून घेत बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं. मला ते फार आवडलं. खोटं कशाला सांगू, ते दिवस माझ्या लग्नातले सगळ्यात चांगले दिवस होते.

दुसऱ्या पंखाला ते नव्हते. इंजिन आलं होतं, आणि इंजिनाचं काम महत्त्वाचं होतं. मग मी सुई अलीकडून घालायची, उठून पंखाला वळसा घालून पलीकडे जायची, सुई ओढून परत पाठवायची, पुन्हा अलीकडे येऊन गाठ मारायची. शाळेतून आल्यावर रोज. वळसे घालून गुडघे दुखायचे, पण गाठ एकही सरकली नाही.

आणि त्या दुसऱ्या पंखाच्या मध्यावर कधीतरी मला पहिल्यांदा वाटलं की मला या विमानात बसायचं आहे. तोवर उजवीकडची सीट म्हणजे त्यांनी मला दाखवलेलं आमिष होतं, मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता मला ती हवी होती. या विमानाचा पंख डोक्यावर असतो. उजवीकडे बसून बाहेर बघितलं की पंखाचं पोट दिसतं आणि त्यावर टाक्यांच्या रांगा. वरून पट्टी चिकटवली, रंग दिला, तरी गाठींचे उंचवटे लपत नाहीत. नवऱ्याने सांगितलं होतं की हवेत पंख किंचित वर वाकतो आणि फासळ्यांच्या मधलं कापड थोडं फुगतं. मला ते बघायचं होतं. माझ्या गाठी धरतात हे दुसऱ्या कोणाकडून ऐकायचं नव्हतं. वर जाऊन, तिथे बसून, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आयुष्यात मी फार गोष्टी मागितल्या नाहीत. ही एक मागितली, आणि तोंडाने मागितली.

"मला पहिल्यांदा कधी नेणार?" मी विचारलं.

त्यांना इतका आनंद झाला की हातातला पाना खाली ठेवून ते माझ्याजवळ आले. "चाचणीची उड्डाणं मला एकट्याला करावी लागतील," ते म्हणाले. "ती झाली की दुसरी तू. तुझ्याशिवाय कोण?"

त्यांनी उजवीकडची सीट माझ्या मापाने बसवली. माझी उंची कमी म्हणून खाली लाकडाचा ठोकळा घातला, पाठीला उशी दिली. विमानाचा मधला भाग तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये होता. मी तिथे त्या सीटवर बसून दहावीचे पेपर तपासायची. शेजारणी हसायच्या. हसू देत म्हटलं.

शेवटी रंग. रंग त्यांनी गाड्या रंगवणाऱ्याकडून करून घेतला आणि चकाकी मनासारखी आली नाही म्हणून घासून पुन्हा करून घेतला. आरशासारखं झालं. नारायण पेठेतून सगळे बघायला आले, आणि जाऊबाईंनी पहिल्यांदाच, न टोचता, "छान दिसतंय हो," असं म्हटलं.

कात्रज-कोंढवा रस्त्यावर एका मित्राचं रिकामं गोडाऊन होतं. तिथे पंख जोडून विमान पहिल्यांदा पुरं उभं केलं, आणि तिथेच त्याचं वजन करायचं ठरलं. मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून तीन वजनकाटे आणले. तीन चाकं, तीन काटे. मित्र ढकलायला आले होते, ते काम झाल्यावर बाहेर चहाला गेले. आत आम्ही दोघंच उरलो. नवरा काटे वाचत होता आणि मी लिहून बेरीज करत होते, कारण बेरीज माझं खातं.

गणित सोपं होतं. रिकाम्या विमानाचं वजन, त्यात माणसं, त्यात पेट्रोल. हे सगळं मिळून एक ठरलेला आकडा असतो, त्याच्यावर जायचं नाही. मी दोन माणसं धरली, बेरीज वर गेली. पेट्रोल अर्ध्यावर आणलं, तरी वर. आणखी कमी केलं तर विमान नुसतं उठून लगेच उतरण्यापुरतंच उरलं असतं. मग मी एक माणूस वजा केला. बेरीज बसली, व्यवस्थित बसली. ड्रॉइंगप्रमाणे झालं असतं त्यापेक्षा विमान एका माणसाच्या वजनाइतकं जड झालं होतं. थोडं जाड प्लायवूड, थोडा जाड पत्रा, थोडा जास्त रंग असं करत करत त्यांनी माझ्या जागी हे सगळं बसवलं होतं.

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. काटे पुन्हा वाचले, मला पुन्हा बेरीज करायला लावली. तेच आलं. मग चाकाकडे बघत ते म्हणाले, "तसं बघितलं तर तुझी सीट काढली की बसतंय."

आज दुधाची एकच पिशवी घे म्हणावं, तशा आवाजात म्हणाले. मी एरवी पुण्यातल्या लोकांसारखंच बोलते, पण राग आला की माझी वऱ्हाडी वर येते.

"काहून?" मी म्हटलं. "माहीच सीट काहून?"

"अगं, मग उडवणार कोण?"

"वजन कमी करा. रंग खरवडा. ब्रॅकेट बदला. ड्रॉइंगात आहे तसं करा."

"वर्ष जाईल त्यात."

"जाऊ द्या."

"पंखांचं कापड फाडावं लागेल. आतलं काढायचं तर दुसरा उपायच नाही."

"फाडा. मी परत शिवते. दोन्ही पंख शिवते."

मी खरंच शिवले असते. गुडघ्यांसकट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं की क्षणभर त्यांनी विचार केला. मग बाहेरून मित्रांचं हसणं ऐकू आलं. ते म्हणाले, "सगळ्यांना जानेवारी सांगितलाय. आता पुन्हा फाडायला बसलो तर लोक काय म्हणतील?" आणि बाहेर जाऊन त्यांनी सांगितलं की वजन बरोबर आलंय.

सीट चार बोल्टवर होती. बोल्ट लागतात त्यापेक्षा जाड होते, निघता निघेनात. त्या जागी त्यांनी सामान ठेवायला एक पेटी बसवली आणि तिच्यावर लिहिलं की यात पाच किलोपेक्षा जास्त ठेवू नये. परवानगीच्या कागदांवरही एकच सीट लागली. बोलून उपयोग होता तेव्हा माझं बोलून झालं होतं.

पहिलं उड्डाण सोलापूर रस्त्याच्या बाजूला, उसाच्या शेतांमधल्या एका धावपट्टीवर झालं. जानेवारीतली स्वच्छ सकाळ. पन्नासेक माणसं जमली असतील, कारखान्यातली, नात्यातली. पंखाचं टोक धरून विमान बाहेर ढकलायला मीही होते. इंजिन चालू झालं, विमान धावलं, आणि मला वाटलं त्यापेक्षा लवकर चाकं जमिनीवरून सुटली. मी रडले. आनंदाने रडले, ते नाकारत नाही. माझ्या नवऱ्याने ते केलं होतं, आणि ते उडत होतं, आणि माझी एक गाठ जरी सुटली असती तरी ते उडलं नसतं. पंख वर वाकताना मला खालून दिसले. त्यापलीकडे काही दिसलं नाही. मग ते लांब गेलं आणि सगळे मोबाइल वर करून उभे राहिले.

उतरल्यावर हार, पेढे, फोटो. एका स्थानिक वर्तमानपत्राचा मुलगा आला होता, त्याने आत डोकावून बघितलं आणि मला विचारलं, "मॅडम, सीट एकच आहे? तुम्ही नाही बसणार का कधी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाला, "तिला भीती वाटते हो. विमान म्हटलं की हातपाय गार पडतात तिचे."

सगळे हसले. वाईट नाही हसले, मायेनेच हसले. कारखान्यातल्या एका मित्राने सांगितलं की त्याच्या बायकोला तर लिफ्टसुद्धा चालत नाही. मी त्या मुलाकडे बघून मान हलवली. का हलवली? नवऱ्याच्या गळ्यात हार होता, म्हणून.

परत येताना हडपसरच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा मी विचारलं, "भीती असं काय म्हणालात?"

"मग काय सांगायचं होतं?" ते म्हणाले. "वजन जास्त झालं? सगळे इंजिनिअर उभे होते तिथे. अख्खी नोकरी मशीन बनवण्यात गेली माझी. मी वजनात चुकलो असं सांगू?"

"खरं तेच होतं."

"एवढ्याशा गोष्टीचं तू किती करतेस."

पण ते माझ्याकडे बघत नव्हते. गाडी थांबलेली होती, बघता आलं असतं, तरी ते समोरच्या बसच्या मागच्या जाहिरातीकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. मला फार राग आला होता, पण त्या लाल कानांचा मला आधारही वाटला. हा माणूस खोटं बोलला आहे आणि त्याला ते माहीत आहे. जगाला काय वाटायचं ते वाटो, घरात दोघांना खरं ठाऊक आहे, एवढ्यावर मी पुढचे दिवस काढायचं ठरवलं. आणि काढलेही, तक्रार न करता.

सोपं नव्हतं ते. वर्तमानपत्रात फोटोखाली आलं की पत्नीला विमानाची भीती वाटत असूनही तिने पतीला साथ दिली. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी ते कात्रण फळ्यावर लावलं. मग लोकांचे सल्ले सुरू झाले. एकीने प्राणायाम सांगितला. एकीने तिच्या आत्याचं उदाहरण दिलं, की ती सत्तरीत सिंगापूरला एकटी जाऊन आली. जाऊबाई म्हणाल्या, "आम्हाला तर कोणी विचारलंच नाही हो, आम्ही बसलो असतो." मी अकोल्याला लहानपणी पाण्याच्या टाकीच्या शिडीने वर चढून कैऱ्या खात बसायची. माझा भाऊ खाली रडायचा, मी नाही. हे कोणाला सांगणार? सांगितलं तर नवऱ्याला खोटं पाडावं लागलं असतं. ते हिवाळ्यात दर रविवारी उडायला जायचे. पहिली दोन वर्षं मी डबा घेऊन बरोबर गेले, मग गुडघ्यांचं कारण सांगून घरी राहायला लागले. ते दुखतच होते म्हणा.

यंदा दिवाळीनंतर माझी पुतणी आली, नारायण पेठेतल्या दिरांची मुलगी. हिंजवडीला नोकरी करते. तिला विमान उडवायला शिकायचं आहे. दोन वाजता जेवायला आली आणि जेवणानंतर काकांपुढे बसली. नवरा निवृत्त झाल्यापासून त्यांना असं कोणी विचारायला आलेलं नव्हतं. त्यांनी जुनी ड्रॉइंग काढली, परत आलेल्या सोफ्यासमोरच्या टेबलावर पसरली आणि एकेक भाग तिला समजावून सांगू लागले. मी चहा घेऊन आले तेव्हा ती एका पानावर बोट ठेवून विचारत होती.

"काका, ह्यात टू सीटर दाखवलंय. मग आपलं सिंगल कसं?"

नवऱ्याने कप घेतला. "हिच्यामुळे," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले. छान हसले. "हिची सीट बसवलेली होती. हिच्या मापाने बसवली होती. पण आयत्या वेळी हिला धीर होईना. मी किती समजावलं. म्हटलं, मी वर्षभर थांबतो, पाहिजे तर कापड काढून सगळं पुन्हा करू, तुझी भीती जाऊ दे, काही घाई नाही मला. ऐकेचना. मग काय, काढली सीट."

मी ट्रे तसाच हातात धरून उभी होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, ते कुठे दुसरीकडे बघतात का, म्हणून. ते सरळ माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत माया होती, थोडी खंतही होती, एवढं सांगूनही बायको आली नाही याची. वर्ष थांबायचं मी म्हटलं होतं. कापड फाडायचं मी म्हटलं होतं. माझी ती वाक्यं त्यांनी इतकी वर्षं वापरून वापरून आपली करून घेतली होती.

"असं झालं नव्हतं," मी म्हटलं. "विमान जड झालं होतं. दोन माणसांचं वजन बसत नव्हतं. सीट तुम्ही काढलीत. मला यायचं होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते गोंधळले. त्यांनी खरोखर आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून, आणि मग मान हलवली. "अगं, जड कुठे होतं?" ते हळूच म्हणाले. "वजन बरोबर आलं होतं. मी स्वतः सगळ्यांना सांगितलं नव्हतं का, गोडाऊनच्या बाहेर येऊन?"

पुतणीने माझ्या हातातला ट्रे घेऊन खाली ठेवला आणि माझा हात धरला. "काकू, इट्स ओके," ती म्हणाली. "भीती वाटण्यात गिल्टी वाटून घेण्यासारखं काही नाही. मी शिकले ना, की मी नेईन तुला. हळूहळू जाते भीती."

नवऱ्याने तिला डोळ्यांनीच खूण केली, की आता विषय नको. मला जपण्यासाठी केली. खोटं बोलणाऱ्या नवऱ्याबरोबर मी इतकी वर्षं काढली होती, आणि ते मला जमत होतं. समोर बसला होता तो माणूस मनापासून खरं बोलत होता.